सहा उंदीर

सुई टोचण्याआधी काका उंदराच्या पाठीवर बोट ठेवून म्हणत, "माफ कर रे बाबा." उंदीर भूल देऊन झोपवलेला असे. त्याला काय ऐकू जाणार, असं मी एकदा म्हणाले. "त्याला कुठे सांगतोय मी?" काका म्हणाले.

शिकागोजवळच्या आमच्या प्रयोगशाळेतले ते सर्वांत ज्येष्ठ शास्त्रज्ञ, मी तिथली व्यवस्थापक. मीटिंगमध्ये ते डॉक्टर, एरवी मला काका. हिवाळ्यात शॉमबर्गच्या घरून गाडी चालवत यायचे आणि आल्या आल्या दोन्ही हात काखेत खुपसून पाच मिनिटं उभे राहायचे. गार हातानं उंदराला धरायचं नाही, हा त्यांचा नियम. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हाला वाटलं असतं, हा माणूस कशावर तरी रुसलाय.

काम सांगायला सोपं होतं. मूळ पेशींत, म्हणजे स्टेम सेल्समध्ये, लोखंडाचे नॅनोकण भरायचे, त्या पेशी उंदराच्या दुखावलेल्या हृदयात टोचायच्या, आणि त्या कुठे आहेत ते उंदीर जिवंत असतानाच एमआरआय काढून पाहत राहायचं. लोखंड असेल तिथे चित्रात काळा डाग दिसतो. डाग दिसला की काका पडद्यावर पेन्सिल टेकवत. "आहेत. जागेवर आहेत." दोन वर्षं डाग जागेवर होता. टोचलेल्या पेशी हृदयात तगतात, एवढं एकच त्यांना निवृत्तीआधी सिद्ध करायचं होतं.

एक तपासणी राहिली होती. कण भरलेल्या पेशी मुद्दाम मारून सहा नव्या उंदरांना टोचायच्या आणि तिथे डाग दिसतो का पाहायचं. मी सुरुवातीलाच यादीत लिहिलं होतं. "मेलेल्या पेशींसाठी आणखी सहा जीव कशाला गं?" काका म्हणाले. मी ओळ खोडली. काम कमी झालं म्हणून मला बरंच वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

पेपर छापायला पाठवला. तो तपासणाऱ्या तज्ज्ञानं नेमकं तेच विचारलं. मग सहा उंदीर आणले. महिन्यानं स्कॅन काढले, तर सहाही हृदयांत काळा डाग, तितकाच ठसठशीत. पेन्सिल काकांच्या हातातच राहिली.

हृदयाचे काप काढून पाहिले. पेशी मेल्या की शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना लोखंडासकट गिळतात आणि तिथेच बसून राहतात. जुन्या उंदरांचे जपून ठेवलेले काप पुन्हा पाहिले. तिथेही तेच. आम्ही दोन वर्षं मेलेल्या पेशींचा डाग पाहत होतो.

आमचे बॉस म्हणाले, पेपर मागे कशाला घेता, दोन ठिकाणी 'कदाचित' घाला. काकांनी नकारार्थी मान हलवली. मला मराठीत म्हणाले, "सहा वाचवायला गेलो, आणि बाकीचे सगळे फुकट मारले." पेपर मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी त्याच दुपारी लिहिलं आणि मला वाचायला दिलं. मी एक स्वल्पविराम सुचवला. मग ते खाली पिंजऱ्यांच्या खोलीत गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. मला कामं होती. मी बघायला गेले नाही.

उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. पुढच्या थंडीत गेले. त्यांच्या मुलीची ईमेल आली. अंत्यविधीच्या दिवशी स्कॅनर आमच्या नावावर राखलेला होता, म्हणून जाणं झालं नाही. स्कॅनर पुढच्या आठवड्यातही मिळाला असता.

आता कुठल्याही प्रयोगात ते सहा उंदीर आधी होतात. मी ती ओळ कुणाला खोडू देत नाही.

परवा एक नवी तंत्रज्ञ रुजू झाली. ओहायोची. काकांना तिनं कधी पाहिलेलं नाही. सुई उचलण्याआधी तिनं उंदराच्या पाठीवर बोट ठेवलं आणि एका दमात म्हणाली, "माफ्करेबाबा."

हे कुठे शिकलीस, मी विचारलं.

"पहिली स्टेप आहे ना ती?" ती इंग्रजीत म्हणाली. तिच्या आधीच्या मुलीनं तसंच शिकवलं होतं. अर्थ दोघींनाही ठाऊक नव्हता.

मी हो म्हणाले. तिच्या हाताला हात लावून पाहिला. गार होता.

"थांब," मी म्हटलं. "आधी हात गरम कर."