बर्फासाठी शिवलेले कोट

आमची मधली मुलगी जाऊन दोन वर्षं झाली होती. थोरली दहा वर्षांची होती आणि धाकट्याला पाचवं लागलं होतं. दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत रावळपिंडीहून थोरल्या दिरांचं पत्र आलं. ते वाचून दाखवताना ह्यांचा आवाज आनंदानं चढत गेला.

दीर तिकडे लष्कराच्या कचेरीत कारकून होते. सहा वर्षांत त्यांना सोलापूर दिसलं नव्हतं आणि सासूबाईंना ते दिसले नव्हते. त्यांनी लिहिलं होतं, नाताळात या, आईला घेऊन या, तुम्हाला रेल्वेचा पास आहेच. पत्र एवढ्यावर थांबलं असतं तर मीही हसून मान डोलावली असती. पण पुढे होतं की रावळपिंडीवरच्या डोंगरात त्या दिवसांत बर्फ पडतो. साहेब लोक आणि त्यांची मुलं पायांना लांब फळ्या बांधून उतारावरून सुसाट घसरत खाली येतात. आपल्या मुलांनाही लाकडी पाटावर बसून घसरता येतं. कचेरीतल्या मंडळींनी मिळून एका दिवसासाठी मोटार ठरवली आहे आणि तिच्यात आपल्या सगळ्यांच्या जागा धरल्या आहेत. खाली मुलांच्या कपड्यांची यादी होती: आतून लोकरीची बंडी, वर जाड कोट, पायमोज्यांचे दोन-दोन जोड, हातमोजे, कानटोपी, घोट्यावर येणारे बूट.

सोलापूरची थंडी ती काय. पौषात पहाटे एक चादर अंगावर ओढली की भागतं. त्या तेवढ्या थंडीत माझी पाच वर्षांची मुलगी पाच दिवसांत गेली होती. न्यूमोनिया म्हणाले. छातीवर अळशीची पोटिसं बांधली, डॉक्टर दोनदा येऊन गेले. पाचव्या दिवशी सकाळी तिची फुललेली नाकपुडी हलायची थांबली. तेव्हापासून मी धाकट्याला वाऱ्यावर जाऊ देत नव्हते. दिवे लागायच्या आत खिडक्या लावत होते. दही बंद, चिंच बंद, मारुतीच्या पारावर खेळणं बंद. तो झोपला की त्याच्या तोंडाजवळ गाल नेऊन श्वास लागतोय का बघायची. आता कुणीतरी मला सांगत होतं की ह्या मुलाला डोंगरभर बर्फात ने.

मी ह्यांना म्हटलं, तुम्ही आत्याबाईंना घेऊन जा, मी मुलांजवळ राहते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. ह्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की मुलांना इथं ठेवून तिकडे आमच्या कुणाच्या घशाखाली घास उतरणार नाही, आणि घरात कोंडून मूल मोठं करता येत नाही. मग मी हो म्हटलं. म्हटलं खरं, पण त्या दिवसापासून डोक्यात एकच होतं. जायचंच असेल तर असे कपडे करायचे की वाऱ्याला आत शिरायला सुईएवढी जागा मिळू नये.

नव्या पेठेत दोन दिवस हिंडले. दुकानं सुती कापडानं छतापर्यंत भरलेली. लोकर मागितली की दुकानदार मफलर दाखवायचे, कानटोपी दाखवायचे आणि कोटाचं कापड पुण्याहून मागवा म्हणायचे. फलालीन तेवढं मिळालं. शेवटी स्टेशनाबाहेर लिंबाखाली घोंगड्या घेऊन बसणाऱ्या बाईकडे गेले. मंद्रूपकडची धनगरीण होती, आठवड्यातून एकदा यायची. तिला म्हटलं, मुलांचे कोट करायचेत, सगळ्यात जाड घोंगडी दाखव.

"पोरांना घोंगडीचा कोट?" ती म्हणाली. "निगालाय तरी कुटं?"

मी म्हटलं, बर्फात.

तिला बर्फ ठाऊक होता तो लाकडाच्या भुशात गुंडाळून येणारा. तसाच का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तसाच, पण डोंगरभर पसरलेला.

"आमची पोरं मेंढरांमागं उगड्यावर निजत्यात, बाई," ती म्हणाली. "पर असलं काय न्हाय बा ऐकलं." आणि तिनं ढिगातून उपसून सगळ्यात खालची घोंगडी माझ्या हातात दिली. उघड्या माळावर झोपणारी ही बाई बर्फाच्या नावानं दबकली, म्हणून मी घरी येईपर्यंत आणखीच घाबरले.

घोंगडी इतकी राठ की साध्या सुया मोडायला लागल्या. मग दाभण घेतलं. आतून माझ्या जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं, म्हणजे मानेला टोचणार नाही. दुपारचं काम आटोपलं की बसायची ती दिवे लागेपर्यंत. बोटं सोलून निघाली. कोटाच्या आत कापूस भरलेला अंगरखा, त्याच्या आत फलालीनची बंडी, त्याच्या आत मांजरपाटाचा सदरा. ह्यांनी बूट आणले ते दोन बोटं मोठे होते, त्यांत पुढे कापूस कोंबला. गळ्यापासून खालपर्यंत मी गुंड्या इतक्या जवळ जवळ लावल्या की सासूबाई म्हणाल्या, अगं, पोराला काढायचं कसं यातून? मी म्हटलं, काढायचंच नाही.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी सगळं चढवून बघायचं ठरवलं. हे कामावर होते. आमची रेल्वेची खोली पत्र्याची. थंडी अजून पडायची होती आणि दुपारी पत्रा नुसता तापायचा. शेजारच्या बायका बघून हसतील म्हणून मी दार लावून घेतलं, खिडकी लावून घेतली. आधी थोरलीला घातलं. तिनं हात वर करून दाखवले, खाली बसून दाखवलं, मग मी तिचा कोट काढला. नंतर धाकट्याला उभा केला. सदरा, बंडी, अंगरखा, कोट, पायमोजे दोन, बूट, हातमोजे, कानटोपी, वर मफलर. तो पहिल्यांदा हसत होता, अस्वलासारखा चालून दाखवत होता.

मग म्हणाला, "आई, गरम होतंय." मी म्हटलं, तिथे गार असतं, जरा थांब. मला कानाजवळ फट दिसत होती. टोपीची नाडी मी पुन्हा बांधली. तो म्हणाला, "पाणी दे." मी म्हटलं, देते, एवढं होऊ दे. मी गुडघ्यांवर बसून मोज्यात विजारीचं टोक खोचत होते. तिसऱ्यांदा तो काही बोलला नाही. मला वाटलं, शहाण्यासारखा उभा आहे.

तो माझ्या खांद्यावर पडला. आधी वाटलं, लाडात आलाय. तोंड वर केलं तर लालबुंद, कोरडं, आणि डोळे पांढरे झालेले.

मी गुंड्या काढायला लागले. एक निघाली, दुसरी निघेना. मीच दोरा दोनदा-दोनदा फिरवून आवळलेल्या त्या गुंड्या. माझी बोटं नुसती त्यांवरून घसरत होती. थोरलीनं दार उघडलं आणि आजीला हाक मारली. सासूबाई बाहेर ज्वारी निवडत होत्या. त्या अक्कलकोटकडच्या. एरवी आमच्याशी मराठी बोलायच्या, घाबरल्या की कानडीत शिरायच्या. आत आल्या, एकदा बघितलं आणि थोरलीला म्हणाल्या, "नीर ता, नीर." मुलगी पाण्याकडे धावली. सासूबाईंनी माझ्या शिवणाच्या डब्यातली कात्री उचलली आणि खालपासून गळ्यापर्यंत तो कोट उभा कापला. मग अंगरखा, मग बंडी. बूट ओढून फेकले. त्याला उचलून न्हाणीतल्या गार फरशीवर ठेवलं, ओलं लुगडं अंगावर टाकलं, डोक्यावर माठातलं पाणी हळूहळू धरलं. मी उंबऱ्यात उभी होते. माझ्या मनात एकच चाललं होतं, दोनदा सांगितलं त्यानं, दोनदा.

किती वेळ गेला कळलं नाही. फार नसेल. मग त्याला ओकारी झाली आणि तो रडायला लागला. सासूबाईंनी चमच्या-चमच्यानं त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मला म्हणाल्या, आता घे त्याला. माझी घ्यायची हिंमत होत नव्हती.

संध्याकाळी हे आले तेव्हा मीच सगळं सांगितलं. त्यानं पाणी मागितलं आणि मी दिलं नाही, हेही सांगितलं. ह्यांनी मुलाला मांडीवर घेतलं, बराच वेळ त्याच्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाले, नको जायला. तिथेच बसून भावाला पत्र लिहिलं आणि सकाळी टाकू म्हणून कोनाड्यात ठेवलं. सासूबाई ऐकत होत्या. उठल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

दोन दिवस ते पत्र कोनाड्यातच राहिलं. ह्यांच्याही हातून ते उचललं जाईना. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलं झोपली होती. सासूबाईंनी तो कापलेला कोट मांडीवर घेतला आणि दाभण ओवलं. मी म्हटलं, आत्याबाई, राहू द्या, आता कशाला. त्या टाके घालत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "ताप भरायच्या आदल्या संध्याकाळी तू तिचं डोकं धुतलंस म्हणून ती गेली, असं तुला वाटतं की नाही?"

मधलीबद्दल होतं ते. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ह्यांनाही नाही.

"ताप तिला आधीच होता," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सकाळी मी अंगाला हात लावला होता. कोमट लागलं. वाटलं, उतरेल. तुला सांगितलं नाही. संध्याकाळी तू पाणी मागितलंस तेव्हा तापवूनही मीच दिलं, तरी बोलले नाही."

मला राग आला की नाही, हे आज सांगता येत नाही. दोन वर्षं आम्ही दोघी एका चुलीपाशी बसत होतो, एकाच ताटलीतली भाजी निवडत होतो, आणि दोघींच्या पोटात हे होतं. त्या रडल्या नाहीत. दाभण घोंगडीतून आरपार ओढत राहिल्या. थोरल्या मुलाला बघायचंय हे त्या तीन दिवसांत त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. मग मी कोटाची दुसरी बाजू ओढून घेतली. समोर गुंड्या लावायच्या नाहीत असं ठरवलं. तीन ठिकाणी नाड्या लावल्या, एका ओढीत सुटतील अशा. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, पत्र टाकू नका.

पुढचं सगळं उरकलं कसं ते भराभर आठवतं. कडक भाकऱ्यांची चळत, शेंगांच्या चटणीचा डबा, शेंगांच्या पोळ्या, आगगाडीतले चार दिवस. रावळपिंडीच्या स्टेशनात सासूबाईंनी थोरल्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि तो काढेचनात.

बर्फात जायच्या दिवशी पहाटे मी मुलांना कपडे घातले. अंगरखा गाळला. कोट घातल्यावर त्याच्या पाठीत हात घालून बघितलं, घाम नाही ना. पाणी हवंय का, असं इतक्यांदा विचारलं की तो कंटाळला. मोटार वळणं घेत वर चढत होती आणि काचेबाहेर पांढरं वाढत होतं.

उतरल्यावर डोळे दिपले. आवाज कुठे नव्हताच. वरच्या उतारावर साहेबांची मुलं फळ्यांवरून खरंच पाखरांसारखी येत होती. दिरांनी दोघा मुलांना एका पाटावर बसवलं, धाकटा पुढे, थोरली मागे, आणि मी काही म्हणायच्या आत ढकललं. पाट खाली गेला, एका उंचवट्यामागे वळला आणि दिसेनासा झाला. मी धावले. गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते, लुगडं भिजून जड झालं होतं. उंचवटा ओलांडला तर पाट उलटा पडलेला, थोरली बसून केसांतला बर्फ झाडतेय, आणि धाकटा पालथा.

मी त्याला उताणा केला. एका ओढीत नाड्या सोडल्या, छातीला कान लावला. ती धडधडत होती. तो हसत होता, इतका की त्याला धड बोलता येत नव्हतं. श्वास सापडल्यावर म्हणाला, "आई, सोड ना. परत."

तो आणखी चार वेळा घसरला. दर वेळी मी खाली उभी राहिले आणि दर वेळी तेवढीच घाबरले.

दिरांच्या घरी परत आल्यावर त्याला सर्दी झाली. अंग जरा तापलं. तीन दिवस मी त्याच्या उशाशी बसले आणि पलीकडे सासूबाई. त्या त्याच्या कपाळाला हात लावायच्या आणि मला लगेच सांगायच्या, आता कोमट आहे, आता तेवढंच आहे, आता उतरतंय. मीही लावून बघायची. चौथ्या दिवशी त्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि दिरांच्या मुलाशी गोट्यांवरून भांडला. आमची परतीची गाडी दुपारची होती. मी ट्रंका भरायला उठले.