वाळूवरची काठी

रोज सकाळी दुकानाचं दार उघडण्याआधी हेस्टर आल्मी एक जुना नायलॉनचा पायमोजा घेऊन गळकाठ्यांच्या रांगेसमोर उभी राहायची. दोरी ओवायला काठीच्या अंगावर कड्या असतात. त्यातल्या प्रत्येक कडीतून ती तो मोजा हलकेच ओढायची. मोजा सरळ निघाला की पुढची कडी. धागा अडकला, तर कडीला तडा गेलेला आहे, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो. ती काठी रांगेतून बाहेर.

"कडी तडकली की दोरी कापते," ती म्हणायची. "दोरी कापली की मासा जातो, आणि मासा गेला की हे लोक देवाला शिव्या घालतात. देवाचं मला काही नाही. कडी माझी आहे."

तिच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात मायेचं वाक्य बहुधा हेच.

समुद्रकाठच्या आमच्या सकॉनेटच्या टोकाला, रस्ता संपून बोटींचा धक्का सुरू होतो तिथे तिचं दुकान होतं. कॉलेजच्या काळात आणि नंतरही बरीच वर्षं मी तिथे कामाला जात असे. हेस्टर उंच होती, खांदे पुरुषासारखे रुंद, कंबर दुखरी. ती दुकानाच्या मधोमध स्टुलावर बसायची आणि गिऱ्हाईक आत आलं की त्याच्या तोंडाकडे न पाहता बुटांकडे पाहायची. सकाळी मक्याच्या पिठाची जाड धिरडी आणि कपभर कॉफी-दूध, एवढ्यावर ती दिवस काढायची. कुणी "कशी आहेस?" विचारलं तर म्हणायची, "काठी हवी आहे की माझी तब्येत?"

तिचा एकच प्रश्न असे. "उभा कुठे राहतोस?"

काठी निवडायची तर या प्रश्नाचं खरं उत्तर लागतं. उघड्या वाळूवर उभं राहणाऱ्याला अकरा फुटांची काठी हवी. पुढच्या लाटांच्या डोक्यावरून दोरी न्यायची असते, आणि पट्टेरी बास मासा लांब, वाळूच्या बांधाच्या पलीकडे फिरत असतो. त्यावर मोठं, पुष्कळ दोरी मावणारं रीळ. खडकावर उभं राहणाऱ्याला नऊ फुटी पुरे. तिथे काठी मागे फिरवायला जागा नसते आणि मासा थेट पायाशी येऊन वळतो. पण रीळ मात्र पाणीबंद हवं, कारण तिथे लाट कमरेपर्यंत चढते आणि उघड्या रिळात खारं पाणी गेलं की त्याचा दोरी आवरणारा ब्रेक कधी सुटतो, कधी जाम होतो.

आणि आमच्या किनाऱ्यावरचा माणूस बाकी सगळं खरं सांगेल, आपली जागा सांगणार नाही. बायकोला सांगणार नाही, पाद्र्याला सांगणार नाही. गाडी लांब कुणाच्या तरी बटाट्याच्या शेताशी लावेल, मासा ओल्या गोणपाटाखाली झाकून नेईल, आणि विचारलंच तर उलट्या दिशेला बोट दाखवेल. हेस्टरचा नियम असा की जी जागा सांगाल तिची काठी मिळेल. खोटं सांगाल तर खोट्याची काठी. पोर्तुगीज वस्तीतला सेराफिम आरूदा, लॉबस्टरचे पिंजरे टाकणारा, तळ्याच्या तोंडाशी उघड्या वाळूवर उभा राहायचा हे अख्ख्या गावाला माहीत होतं. त्याने सांगितलं, "खडकावर." तिने नऊ फुटी दिली. तो पुढची दोन वर्षं कुरकुरत होता.

"आल्मीबाई, या काठीने माझी दोरी समोरच्या बदकापर्यंतसुद्धा जात नाही."

"खडकावर बदक कुठून आलं?" हेस्टर म्हणाली.

दुकान हसलं. सेराफिमही हसला, पण जागा सांगितली नाही. काठी बदलून मिळाली नाही.

आल्मींच्या घराण्यातही एक जागा होती. किनाऱ्यापासून थोडा आत, ओहोटीला पोटापर्यंतच्या पाण्यातून जाता येईल असा एक सपाट माथ्याचा खडक. घरात त्याला 'बाक' म्हणत, कारण रविवारी गाव चर्चमधल्या बाकावर बसायचं तेव्हा हेस्टरचा बाप या बाकावर असायचा. तो कुठे आहे ते मीही इथे लिहिणार नाही. बापाने तो फक्त आपल्या दोन मुलींना दाखवला, हेस्टरला आणि धाकट्या प्रूडन्सला. प्रूडन्सने तो दाखवला लायमन पेकमला, लग्नाआधी, प्रेमात असताना. बाप गेला तेव्हा अंत्यविधीला लायमन उशिरा आला. काळा कोट होता, टाय होता, आणि शर्टाच्या बाहीवर माशाचे खवले होते.

हेस्टरने ते खवले पाहिले. पुढे प्रूडन्सही गेली, पण त्या खवल्यांचं काही मिटलं नाही. ती त्याला पेकम म्हणायची, जणू तो तिच्या बहिणीचा नवरा कधी नव्हताच. तिची कंबर गेल्यावर बाकापर्यंत जाणं तिला जमेना, आणि लायमन तिथे जात राहिला. त्या दोघांना सोडून त्या खडकाची खबर कुणालाही नव्हती. मला कळली ती तिच्या शिव्यांमधून, हळूहळू, तुकड्यातुकड्याने.

मग तो ऑक्टोबर आला. हेरिंग माशांचे थवे किनाऱ्याला चिकटून दक्षिणेला निघाले होते आणि त्यांच्या मागे मोठे बास. अशा वेळी काठी मोडणं म्हणजे वर्ष फुकट जाणं. लायमनची मोडली. दुसरं दुकान नदीच्या पलीकडे, आणि त्याला तेवढा दम निघत नव्हता. दुपारी दुकान भरलेलं असताना तो आत आला. सेराफिम होता, आणखी चौघे-पाच होते. हेस्टरने त्याच्या बुटांकडे पाहिलं. तळव्याला खिळे मारलेले बूट, शेवाळलेल्या खडकावर घालतात ते.

"काठी हवी आहे," लायमन म्हणाला. "रीळही."

"उभा कुठे राहतोस?"

लायमन सगळ्यांकडे पाहून हसला. "वाळूवर."

"कुठल्या?"

"दक्षिणेकडच्या. जिथे सगळे राहतात."

"खिळ्यांचे बूट घालून?"

"पाय थंड पडतात माझे."

कुणीतरी खाकरलं. हेस्टर स्टुलावरून उठली. भिंतीवरची नऊ फुटी आणि तिच्यावरचं काळं पाणीबंद रीळ तिच्या हाताशी होतं. तिने एकदा त्या रिळाकडे पाहिलं, मग लायमनकडे.

"पेकम, पुन्हा विचारते. उभा कुठे राहतोस?"

खडक म्हटलं की पुढचा प्रश्न सेराफिमच विचारणार होता, कुठला खडक. संध्याकाळपर्यंत माग काढत कुणी ना कुणी बाकापर्यंत पोचलंच असतं.

"ऐकू कमी येतं का तुला?" लायमन म्हणाला. "वाळूवर. तुझा बाप कधी वाळूवर उभा राहिला नाही म्हणून काय जगाने राहू नये?"

हेस्टर दुसऱ्या भिंतीकडे गेली आणि अकरा फुटी उतरवली. त्यावर तिने मोठं उघडं रीळ बसवलं, कड्यांमधून मोजा ओढून दाखवला, दोरी भरली, आणि काठी काउंटरवर आडवी ठेवली.

"वाळूसाठी याहून चांगली मिळायची नाही," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. धक्क्यावरचा झेंडा नैऋत्येच्या वाऱ्याने ताठ झाला होता, म्हणजे रात्री खडकांवर मोठ्या लाटा चढणार होत्या. मी म्हटलं, "हेस्टर, तो वाळूवर जाणार नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मला त्याने सांगितलं तेवढं माहीत आहे."

"त्या खडकावर अशी काठी..."

"तू अजून इथे कामाला आहेस ना? मग गळ मोजून ठेव."

पण गिऱ्हाइकांशी बोलताना त्या दिवशी तिचा आवाज चढला नाही. संध्याकाळी दार लावताना ती कुलूप हातात घेऊन बराच वेळ तशीच उभी राहिली. नंतर गाडीत बसली आणि घरी गेली.

सकाळी बातमी आली. मोठा मासा लागला, रिळाचा ब्रेक जाम झाला, दोरी सुटेना, आणि माशाने लायमनला उभ्याचा आडवा केला. मनगट मोडलं, कपाळ फुटलं. पाण्यातून कसाबसा रांगत बाहेर आला आणि रस्त्याला लागला. कुठे झालं हे? तर वाळूवर. लायमनने डॉक्टरला तेच सांगितलं, गावालाही तेच. आणि वाळूवर उभ्या माणसाचं मनगट कसं मोडतं, याचं एकच उत्तर उरत होतं. आल्मीबाईने खराब रीळ विकलं.

काठी सेराफिमने आणून दिली. लायमनचा निरोप होता, तुझ्या हातची वस्तू घरात नको. सेराफिम गेल्यावर हेस्टरने ती मागच्या खोलीत नेऊन पाहिली. मुठीवरच्या मऊ बुचावर पांढरे ओरखडे होते, खडकाला चिकटलेल्या धारदार शिंपल्यांवर घासल्याशिवाय उमटत नाहीत असे. रिळाच्या दांड्यात शेवाळ अडकलेलं होतं. ही काठी कुणालाही दाखवली असती तर लायमन त्याच क्षणी खोटा ठरला असता. वाळूवर असे चिकटलेले शिंपले नसतात आणि शेवाळही नसतं. पण काठी पाहून कुणीही विचारलं असतं, मग कुठल्या खडकावर.

तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि दार ओढून घेतलं.

गिऱ्हाइकं नदीपलीकडच्या दुकानात जाऊ लागली. उरलेसुरले येत ते आमिष घ्यायला, रीळ मात्र कुणी मागेना. चाळीस वर्षांचं नाव होतं, ते थंडी पडायच्या आत विटलं. ती मोजा ओढत राहिली. तिला एवढी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती; पोस्टमनने पत्रं ओली आणली म्हणून तिने त्याला दुकानाबाहेर काढलं.

नोव्हेंबरच्या एका दुपारी सेराफिम, त्याचे दोन पिंजरेवाले मित्र आणि हात गळ्यात अडकवलेला लायमन एकत्रच आत आले. बाहेर पाऊस होता, म्हणून असेल. लायमन दाराशीच थांबला.

सेराफिमने टोपी काढली. "आल्मीबाई, आम्ही इतकी वर्षं येतो. स्पष्टच विचारतो. त्या रिळात खोट होती का?"

"त्याला विचार."

"त्याने सांगितलं. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. तुम्ही गप्प बसणाऱ्या बाई नाही, म्हणून लोकांना वाटतं..."

"लोकांना काय वाटतं?"

"की तुमची नजर गेली."

हेस्टरने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. लायमननेही त्याच दाराकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरची खूण एकदम लाल झाली. आत काय टेकून ठेवलंय हे त्याला कळलं होतं, आणि ते बाहेर आलं तर काय होईल हेही. दोघांच्या मध्ये काउंटर होता, तीन माणसं होती, प्रूडन्स होती. मला वाटलं, आता ती उठेल.

ती उठली नाही.

"रीळ माझं चुकलं," हेस्टर म्हणाली. "मी बघायला हवं होतं. बघितलं नाही."

सेराफिमने टोपी पुन्हा घातली. तिने चूक कबूल केल्याचं या गावाने आजवर ऐकलं नव्हतं, आणि त्या वाक्यात किती खोटं होतं, किती खरं, हे तिने कुणाला विचारूही दिलं नाही. तिघे पावसातच बाहेर पडले. लायमन मागे राहिला.

"उपकार केलेस असं समजू नकोस," तो म्हणाला.

"तुझ्यावर?" हेस्टर म्हणाली. "माझ्या बापाच्या बाकावर तुझं रक्त सांडलं होतं, पेकम."

"भरतीने धुतलं."

"मी बाकासाठी गप्प बसले. आता नीघ, लादी ओली होतेय."

तो गेला. त्यानंतर तो दुकानात आला नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे बाकावरही गेला नाही. मनगट तसंच वाकडं राहिलं होतं. हेस्टरने त्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन बुचावरचे ओरखडे कानशीने घासून काढले, अगदी गुळगुळीत होईपर्यंत, आणि बुचाचा भुगा ओंजळीत धरून बाहेर वाऱ्यावर सोडून दिला.

हिवाळा तिने जवळजवळ रिकाम्या दुकानात काढला. ज्या काठ्या आता कुणी नेणार नव्हतं त्यांच्या कड्यांमधूनही सकाळी मोजा फिरायचा. मार्चमध्ये तिला धाप लागू लागली. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणायची, तो गेल्या वर्षी आला होता, उभा कुठे राहतो ते धड सांगता आलं नाही त्याला, माझं काय सांगणार.

एका संध्याकाळी मी आवराआवर करत होते आणि फोन वाजला. प्रॉव्हिडन्स शहरातून कुणीतरी नवशिका बोलत होता, आवाज इतका मोठा की मला पलीकडूनही ऐकू येत होता. वसंतातले पहिले बास कुठे मिळतात, विचारत होता. असल्या फोनना हेस्टर नेहमी एकच उत्तर द्यायची, की ते मी सांगत नाही, आणि फोन ठेवून द्यायची. खोटं ती कधी सांगत नसे. तो तिचा तोरा होता.

या वेळी तिने फोन ठेवला नाही. खिडकीतून बाहेर पाहत तिने श्वास सावरला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही, पुढेही नाही, म्हणून तिचं ते दुकानातलं शेवटचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

"वाळूवर जा," ती त्याला म्हणाली. "इथे सगळे वाळूवरच उभे राहतात. अकरा फुटी काठी आण."