वैजनाथरावांची ऊब

वैजनाथराव डॉक्टर नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. श्रीगोंदा तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे. पण साहेब सदा मीटिंगला, म्हणून गावोगाव सुई हेच टोचायचे आणि लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. गाय मान टाकून उभी दिसली की हे शेपटी उचलून बघणार, हुंकार देणार आणि तीच ती ठरलेली सुई देणार. नमुना तपासायला पाठवणं त्यांना कमीपणाचं वाटे. गाय जगली तर सुईनं, मेली तर मालकानं उशिरा बोलावलं म्हणून.

रिटायर होऊन नगरला, सावेडीत मुलाकडं आले, तर टोचायला काही उरलंच नाही. मग त्यांनी काचेची टाकी आणली आणि तिच्यात बुटक्या सिक्लिड माशांची एक जोडी सोडली. बोटाच्या दोन पेरांएवढे जीव, निळ्या ठिपक्यांचे, पण तोरा असा की टाकीचा सातबारा यांच्याच नावावर. म्हाताऱ्याचा त्यांच्यावर भलता जीव जडला. सकाळचा चहासुद्धा टाकीपुढंच.

एक दिवस मादीच्या तोंडावर कापसासारखं पांढरं दिसलं. रावांनी खुर्चीतूनच निदान केलं, बुरशी. थंडी बाधली, ऊब पाहिजे. मूठभर मीठ टाकलं, टाकीतला हीटर बत्तीस अंशांवर नेला आणि गल्लीभर सांगून आले.

सून निकिता रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला. ती बिचारी हळूच म्हणाली की आप्पा, जिवाणूंचं दुखणंही असंच दिसतं, थोडं खरवडून काचपट्टीवर बघू का? आप्पा हसले. सगळा तालुका आपण बरा केला, आता सून मासा शिकवणार! तू माणसांचं बघ, म्हणाले. झालं, तिसऱ्या दिवशी मादी उताणी.

त्याच दुपारी नराच्या ओठांवर पांढरी कड उमटली आणि आप्पांचं उसनं अवसान पार गळालं. एवढ्याशा माशासाठी डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी बनियनला पुसलं. निकिता कामावरून आली, तर हे दारातच उभे.

"मला न्हाई कळत यातलं," ते म्हणाले. "तू बघ, पोरी."

तिनं कापसाच्या काडीनं ओठावरचं टिपलं, लॅबमध्ये नेऊन पाहिलं. लांब, बारीक काड्यांसारखे जिवाणू, नुसते वळवळत होते. ऊब मिळाली की हे झपाट्यानं वाढतात. म्हणजे आप्पांनी तीन दिवस रोगाचीच बडदास्त ठेवली होती. निकितानं नराला वेगळ्या टाकीत ठेवलं, ऊब हळूहळू उतरवली, हवा वाढवली, जिवाणूंवरचं औषध मोजून दिलं. आठवड्यानं नर पुन्हा दाण्यावर झडप घालू लागला.

मग गल्लीतला कल्याण आला. त्याच्याही माशाच्या तोंडाला पांढरं आलं होतं. डॉक्टरांनी नर वाचवला हे त्याला कळलं होतं, आता उपाय हवा होता. आप्पांनी एकदा स्वयंपाकघराकडं पाहिलं. तिथं निकिताचं लाटणं थांबलं होतं.

"माझ्या हातनं एक मेली, कल्याण," आप्पा म्हणाले. "वाचवला तो निकितानं. तिला इचार."

कल्याण गहिवरला. एवढा हातगुण आणि श्रेय सुनेला! अशी माणसं आता राहिली नाहीत, म्हणत तो पाया पडला. "वहिनींना कशाला तरास? तुमी गल्लीत सांगितलं हुतं की, हीटर बत्तीसवर. मी लावूनच आलोय," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेलासुद्धा.

आप्पा अनवाणीच त्याच्या मागं पळाले.