आकाशात पूर्व डावीकडे

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी पीएच.डी. करतोय आणि माझी गाईड माझीच जुनी विद्यार्थिनी आहे. अकरावीत ‘उत्तर पुन्हा तपास’ म्हणून मी तिला पिडलं होतं. गेल्या महिन्यात तीच गोड आवाजात म्हणाली, “सर, हा कोन पुन्हा तपासा. नाही जुळला, तर प्रबंधातून हे प्रकरण काढावं लागेल.”

प्रकरण म्हणजे माझी तीन वर्षं! एका दूरच्या दीर्घिकेच्या पोटातल्या कृष्णविवरापासून पदार्थाचा सरळ झोत उसळतो. त्यातून येणारे एक्स-रे कुठल्या दिशेत कंप पावतात, ते उपग्रहाच्या नोंदींवरून मी काढलं होतं. ही दिशा झोताला समांतर निघाली, तर झोतातल्या कणांना धक्क्याच्या लाटा वेग देतात, या म्हणण्याला बळ मिळतं. माझी दिशा भलतीकडेच. महिनाभर मी उपग्रहाला, कॉम्प्युटरला, जाता जाता चुंबकीय क्षेत्रालाही दोष देऊन पाहिला.

रविवारी सकाळी झोताचं छापील चित्र टेबलावर पसरून मी लेकीच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक लावत होतो. बायको सरकारी जमीनमोजणीत आहे. नांदगावकडचे कित्येक बांध तिने मोजलेत. कुठलाही नकाशा दिसला की ती आधी दिशा बघते.

“उत्तर कुठंय?”

“वर.”

“आणि पूर्व?”

“उजवीकडे. एवढं तरी येतं हो मला.”

पोह्यांची बशी बाजूला सारून तिने समासातलं अक्षर वाचलं. “अहो, इथं पूर्व डावीकडे छापलीय! आकाश मोजताय की कुणाचं शेत?”

आकाश आपण खालून बघतो, म्हणून त्याच्या नकाशात पूर्व डावीकडे येते. हे मी वीस वर्षं पोरांना शिकवलंय. उपग्रहाचा कोन बरोबरच होता. उत्तरेकडून पूर्वेकडे मोजायचा झोताचा कोन मीच जमिनीच्या सवयीने उजवीकडे मोजला होता. डावीकडे पुन्हा मोजला. त्रुटीची मर्यादा धरून दोन्ही दिशा एकमेकींवर चपखल बसल्या. मी असा ओरडलो की शेजारच्या काकू दारात येऊन विचारू लागल्या, “कोण पास झालं?”

गाईडने कोनमापकावर विश्वास ठेवला नाही, बरोबरच केलं. दोन दिवस स्वतः सगळं तपासून तिने फोन केला. “सर, जुळतंय. प्रकरण राहणार.”

मी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हटलं, “आवाज कटतोय, परत सांग.”

बायको हात पुसत आली. “मॅडम, आवाज स्वच्छ येतोय. पण सांगा अजून एकदा, यांना ऐकायचंय.”