तांबडा की पांढरा?

शास्त्रज्ञाला त्याचं शास्त्र सोडून काहीही विचारणारी बाई बघायची असेल, तर कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर या. अक्षता कांबळे तिचं नाव. आवाजाची यंत्रं माझ्याकडे, त्यामुळे हा सगळा ताप मी काचेपलीकडून सहन केलेला आहे. खगोलशास्त्रज्ञाला तिने पावट्याची उसळ विचारली, अर्थतज्ज्ञाला घोरणं. का, म्हटलं तर म्हणते, "इषयातलं इचारलं की पाठ केल्यालं बोलत्यात. भलतंच इचारलं की माणूस बोलतंय."

मागच्या महिन्यात एक तत्त्वचिंतक मात्र चपलांवरच्या प्रश्नाने चिडले. केंद्रप्रमुखांनी बजावलं, आणखी एक पाहुणा दुखावला तर कार्यक्रम बंद. अक्षताचा सगळा जीव त्या कार्यक्रमात, तरी तिचा तोरा तसूभर कमी झाला नाही.

त्या रविवारी सकाळी पाहुणे होते डॉ. श्रेणिक मगदूम. धातूंचे मोठे संशोधक, मूळचे जवळच्याच कागलचे, आता बेंगळुरूला. थेट प्रक्षेपण. सगळ्यांना विचारते तो पहिला प्रश्न अक्षताच्या तोंडून सवयीने निघाला, "तांबडा रस्सा की पांढरा?"

मी कपाळावर हात मारला. जैन माणसाला मटणाचा रस्सा! असली चूक कोल्हापूरकरानेच करावी. केंद्रप्रमुख धावत आत आले आणि गाणं लाव म्हणून मला खुणावू लागले. अक्षताने हात वर करून मला थांबवलं. मी थांबलोही, का ते विचारू नका.

"चुकलं माझं," ती सरळ म्हणाली. "पर आता इचारलंच हाय, तर बोला की."

"हे मला कधी कुणी विचारलंच नाही हो," डॉक्टर म्हणाले. "रविवारी कुणाकडं मटण असलं की सगळी पोरं खेळ सोडून जेवायला जायची. 'त्यो न्हाय खात' म्हणून मला कुणी बोलवायचं नाही. खात नव्हतो, पण कडंला बसायला काय झालतं? भाकरी घरनं आणली असती की मी."

तेवढ्यात फोन वाजला. मी तो तसाच प्रक्षेपणात जोडला.

"श्रेण्या, गुंडू बोलतोय, कागलातनं. वासानं तुला मळमळंल, असं वाटायचं रं आम्हांस्नी. म्हणून न्हाय बोलावलं." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "आज रविवारच हाय. ये की."

डॉक्टर उभे राहिले आणि शाळकरी पोराने विचारावं तसं म्हणाले, "जाऊ?"

"जावा की. आधीच लई उशीर झालाय," अक्षता म्हणाली.

मुलाखत अर्धीच राहिली होती. केंद्रप्रमुखांनी डोळे पुसत स्वतः दार उघडून धरलं, आणि पुढच्या रविवारी कुणाला बोलावलंय ते अक्षताला विचारलं.