रोहिणी दाखवतो, चला!

चहा निवला तर निवू दे, पण हे ऐकाच! ही माझ्या लग्नाची गोष्ट आहे, आणि माझ्या मूर्खपणाचीही. दोन्हींवर एका रात्रीत शिक्कामोर्तब झालं.

मी तेव्हा मंडणगडाकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. वय तेवीस. आमच्या अख्ख्या कुळात सातवीची फायनल पास झालेला पहिला माणूस! छाती केवढी फुगली असेल, सांगा! त्यात मुंबईला गिरणीत असलेल्या भावानं जुनी दुर्बीण पाठवलेली. मग काय, आभाळ म्हणजे आपल्या बापाचंच!

गावात दाजी म्हणून एक शेतकरी होते. त्यांची लेक काशी माझ्या मनात भरली होती. मागणी घातली, तर दाजी म्हणाले, "बघूया गुरुजी. शिकल्याला जावय आमच्या काय कामाचा, ते कळू दे."

म्हटलं, थांबा! विद्या काय चीज असते, दाखवतोच!

मे महिना संपत आला होता. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, रोहिणी लागली, भाताचा पेरा करायला हवा. मी देवळात जाऊन गरजलो, "नुसतं रोहिणी रोहिणी काय करता? तो खराखुरा तारा आहे! लालबुंद, आपल्या सूर्याच्या कैकपट मोठा! आज दिवेलागणीनंतर कातळावर या. दाखवतो!"

अख्खं गाव लोटलं हो! काशीसुद्धा, आईच्या मागे उभी.

आभाळ स्वच्छ होतं. मी दुर्बीण लावली. पश्चिमेला नाही, डोक्यावर नाही. घाम फुटला! तेवढ्यात आग्नेयेला, डोंगरावर एक लाल तारा दिसला. लाल आहे ना? मग झालं तर!

"ती बघा रोहिणी!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, लोक थक्क झाले. म्हणून मी आणखी अर्धा तास बोललो!

शेवटी दाजी हळूच म्हणाले, "गुरुजी, ती जेष्ठा."

"छे हो! लाल आहे, बघा तरी!"

"जेष्ठा पन लालच आसते."

"मग रोहिणी कुठाय?" माझा आवाज चढला.

काशीला राहवेना. "आवो, सूर्व्या तिच्या घरात जाऊन बसला, म्हनून तर रोहिणी लागली म्हनायचं! तो उठल्याबिगर ती दिसंल कशी?"

कातळावर काय हशा पिकला म्हणता! हल्ली शास्त्रज्ञ सांगतात, तारा म्हातारा झाला की फुगतो आणि लाल होतो. मी तेविसाव्या वर्षीच झालो!

घरी येऊन ट्रंक भरायला घेतली. अब्रू गेली, काशीही गेली. सकाळी बघतो तर दाजी दारात.

"गुरुजी, पोरगी दिली."

"दिली? काल एवढं होऊनही?"

"काल झालं म्हनूनच! पेरा कवा करायचा ते सांगायला तुमच्या घरात कुनीतरी शिकल्यालं नको?"

तेव्हापासून आमच्या घरात शिकलेलं कोण, असं कुणी विचारलं की मी मोठ्या अभिमानानं आत स्वयंपाकघराकडे बोट दाखवतो. तेवढं एक बोट माझं आजवर चुकलेलं नाही!