चुलीपाशी धरलेला हात

दुःख आम्हाला फार वेळ चिकटत नाही म्हणे. शहापूरच्या एका सभागृहात, पहिल्याच रांगेत बसून, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

सांगणारी बाई आमच्याच घरी आठवडाभर राहून गेलेली. डोळखांबच्या वर डोंगरात आमचा पाडा आहे. वेगवेगळ्या समाजांतल्या माणसांच्या मेंदूतली रसायनं वेगळी असतात का, असा तिचा अभ्यास होता. पाड्यावर घरोघरी तिला मीच फिरवलं. माझ्या आईला ती 'आई' म्हणायची, नाचणीची भाकरी मागून घ्यायची. मला ती फार आवडायची, खोटं कशाला बोलू?

माझा भाऊ वीटभट्टीवर तापाने गेला, त्या गोष्टीला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाईने आईचं रक्त घेतलं आणि विचारलं, "उदास वाटतं का? झोप लागते?"

"बरं हाय गो बाय. मना काय व्हतंय?" आई हसून म्हणाली.

आमच्याकडे पाहुण्याला असंच सांगतात. घरात काहीही झालेलं असो, त्याच्या पुढ्यात रडायचं नाही. हे मी बाईला त्याच दिवशी समजावलं होतं. तिने मान डोलावली होती.

ती जायच्या आदल्या दिवशी मात्र भांडी घासता घासता आईचा बांध फुटला. पाहुणी आता घरचीच झाली होती ना! चुलीपाशी बसून तिने भावाचं सगळं सांगितलं. बाईने तिचा हात कितीतरी वेळ धरून ठेवला. बाईचेही डोळे भरले होते.

आणि आता पडद्यावर आईचा हसरा फोटो! म्हणे, यांच्या मेंदूतलं रसायनच निराळं, म्हणून पोटचा मुलगा जाऊनही या बाईला उदास वाटत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले. "मॅडम, आई तुमच्यापुढे रडली होती, त्याचं काय?"

"ते प्रश्न विचारताना नव्हतं ना," ती गोड आवाजात म्हणाली. "ते धरता येत नाही."

टाळ्या वाजायच्या आत मी बाहेर पडले आणि मिळेल ती एसटी धरली.

आई ओटीवर वाटच बघत होती. "माजी आठवण काढली का गो तिनी?"

मी रागाच्या भरात सगळं सांगून टाकलं. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"मंग माजा हात कशाला धरला व्हता तिनी?"